वर्षाची पदवी की चार महिन्यांची फेलोशिप?

मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाल्यापासून कोल्हापुरात तरुण वकिलांची वर्दळ वाढली आहे आणि त्यांच्यापैकी जनहिताच्या किंवा मानवी हक्कांच्या कामाकडे ओढा असलेले काही जण हमखास एक प्रश्न घेऊन येतात. परदेशी फेलोशिप घ्यायची झाल्यास ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंगसाठी अर्ज करावा, की न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील मानवी हक्क कार्यकर्त्यांसाठीच्या कार्यक्रमाचा विचार करावा? काही वर्षांपूर्वी मी स्वतः या पेचात होतो. चेव्हनिंगचा अर्ज मी पूर्ण लिहिला होता, परंतु पाठवला नाही, आणि कोलंबियाला जाऊन आलो. त्यामुळे माझा कल कोणीकडे असणार हे वाचकांच्या लक्षात येईलच, तरीही दुसऱ्या बाजूला न्याय देण्याचा मी प्रयत्न करतो. पात्रतेचे नियम आणि अर्जाचे टप्पे संबंधित संकेतस्थळांवर मिळतात, म्हणून त्यात शिरत नाही.

आणखी दोन योजनांचा उल्लेख आधीच करून ठेवतो. फुलब्राइट-नेहरू मास्टर्स फेलोशिपमध्ये आंतरराष्ट्रीय कायद्याचा अभ्यास हा विषय घेता येतो आणि तिचे स्वरूप चेव्हनिंगसारखेच पदवीचे आहे, त्यामुळे चेव्हनिंगबद्दल जे लिहितो आहे ते बहुतांशी तिलाही लागू पडावे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध घटकांतील वकिलांनी मात्र राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्तीचा विचार सर्वांत आधी करावा असे मला प्रामाणिकपणे वाटते. तिच्या ७५ जागा असतात आणि आपल्याच जिल्ह्यातील अनेकांना तिची पुरेशी माहिती नसते. बाबासाहेब १९१३ साली कोलंबियाला गेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर, आणि १९२० साली अपुरे शिक्षण पूर्ण करण्यासाठी लंडनला परतताना शाहू महाराजांनी त्यांना आर्थिक साहाय्य केले, ही गोष्ट कोल्हापूरकराने अर्ज भरताना आठवावी.

चेव्हनिंगची जमेची बाजू मोठी आहे आणि ती नाकारण्याचे कारण नाही. ही योजना १९८३ पासून चालू आहे, तिच्यातून एका वर्षात पूर्ण पदव्युत्तर पदवी हाती येते, शिकवणी शुल्क, निर्वाहभत्ता आणि विमानप्रवास यांची सोय होते आणि ब्रिटनमधील उत्तम विद्यापीठांपैकी आपल्या विषयाला साजेसे तीन अभ्यासक्रम निवडता येतात. सांगलीच्या माझ्या एक सहकारी या मार्गाने गेल्या होत्या. महापुराच्या नुकसानभरपाईवर त्यांनी प्रबंध लिहिला, आणि त्या एका वर्षात सलग बसून वाचायला जेवढे मिळाले तेवढे त्याआधीच्या दहा वर्षांत मिळाले नव्हते, असे त्या आजही सांगतात. ज्यांना पुढे अध्यापनात जायचे आहे किंवा राष्ट्रीय पातळीवरील संस्थांमध्ये काम करायचे आहे, त्यांना त्या पदवीचा उपयोग होतो यात शंका नाही. शिक्षण संपल्यावर किमान दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट असते, पण ज्यांना परत यायचेच आहे त्यांना तिचा काच वाटू नये.

अर्ज लिहिताना मात्र मला एक अडचण जाणवली. चेव्हनिंगच्या निबंधांत नेतृत्व, संपर्कजाळे आणि पुढील कारकीर्द यांबद्दल विचारले जाते आणि प्रत्येक उत्तर प्रथमपुरुषी एकवचनात द्यावे लागते. ऊसतोड कामगारांच्या कामात मी पंधरा वर्षे ‘आम्ही’ असेच लिहीत आणि बोलत आलो होतो, कारण प्रांत कार्यालयासमोर बसणारे, टोळ्यांपर्यंत पोहोचणारे आणि मजुरांची टोळी आणणाऱ्या मुकादमाशी बोलणारे लोक वेगवेगळे होते. त्यातले नेमके ‘मी’ किती, हे ठरवताना दोन रात्री गेल्या. हा त्या योजनेचा दोष म्हणता येणार नाही, कदाचित ती आत्मपरीक्षणाची चांगली संधीही असेल. कोलंबियाच्या अर्जात भर आपण ज्या प्रश्नावर काम करतो त्यावर आणि आपल्या संस्थेवर होता. संस्थेने मान्यता द्यावी आणि आपण परत त्याच संस्थेत यावे, अशी अपेक्षा त्यात स्पष्ट होती. माझ्यासारख्याला ते लिहिणे सोपे गेले.

तथापि, माझा निर्णय झाला तो निबंधांमुळे नव्हे, तर तारखांच्या डायरीमुळे.

जुलैचा महिना होता, पाऊस थांबायचे नाव घेत नव्हता, आणि शाहूपुरीतल्या कार्यालयात जमिनीवर फायली मांडून मी त्यांचे तीन ढीग करत होतो. पहिल्या ढिगात युक्तिवादावर असलेली प्रकरणे होती, ती कोणीही ज्येष्ठ सहकारी चालवू शकले असते. दुसऱ्यात नोटिशी बजावण्यावरच अडलेली प्रकरणे होती, ती माझ्याविनाही तशीच अडून राहिली असती. तिसऱ्या ढिगात पुराव्यावर असलेली प्रकरणे होती, आणि त्यात सर्वांत वर उसाची ट्रॉली उलटून मृत्यू पावलेल्या एका मजुराच्या पत्नीचा नुकसानभरपाईचा दावा होता. अपघात पाहणारे दोन्ही साक्षीदार धारूर तालुक्यातले. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात ते गावी असतात, पण दोन दिवसांची मजुरी आणि एसटीचे भाडे सोसून कोल्हापूरला येणे त्यांना परवडत नाही. दिवाळीच्या सुमारास टोळी इकडे आली, की ते शिरोळ तालुक्यात फडावर असतात, न्यायालयापासून तासाभराच्या अंतरावर. म्हणजे त्यांची साक्ष व्हायची तर ती हंगामातच, मार्च संपण्यापूर्वी. आदल्या हंगामात सरतपासाची, म्हणजे आपल्याच साक्षीदाराची पहिली जबानी घेण्याची, तारीख एकदा लागली होती, परंतु समोरच्या बाजूने मुदतीचा अर्ज दिला, पुढची तारीख एप्रिलच्या अखेरीस पडली आणि तोवर टोळी गावी परतली होती. बाईंनी त्या दिवशी मला एवढेच विचारले, ‘वकीलसाहेब, आता पुढच्या साली का?’

चेव्हनिंगचे वर्ष सप्टेंबरच्या आसपास सुरू होऊन पुढच्या सप्टेंबरच्या आसपास संपते. त्यात अख्खा हंगाम जातो आणि त्या दाव्याच्या हिशेबात आणखी एक वर्ष वाढते. कोलंबियाचा कार्यक्रम ऑगस्टच्या अखेरीपासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत असतो, म्हणजे परत आल्यावर हंगामाचे तीन-साडेतीन महिने हाताशी राहतात. वकीलपत्रावर ना हरकत देऊन प्रकरण दुसऱ्याकडे सोपवता येते, हे मला कोणीही सांगेल आणि ते खरेही आहे. पण हे साक्षीदार समन्स पाहून फडावरच्या कोपीतून, म्हणजे झोपडीतून, बाहेर पडत नाहीत. मुकादमाचा रोष पत्करून एक दिवसाचा खाडा करायचा, तर न्यायला आलेला माणूस ओळखीचा लागतो. मी डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात परतलो आणि जानेवारीत एका साक्षीदाराचा सरतपास आणि उलटतपास एकाच दिवशी पूर्ण झाला. दुसरा त्या वर्षी वेगळ्या टोळीबरोबर कर्नाटकात गेला होता, त्यामुळे एकाच साक्षीवर भागवावे लागले. माझ्या दृष्टीने या दोन फेलोशिपांमधला फरक त्या जानेवारीच्या दिवसाएवढा आहे. ज्यांचे काम दिवाणी अपिलांचे किंवा रिट याचिकांचे आहे, त्यांना तो एवढा जाणवेल असे नाही.

आता चार महिन्यांत शिकून काय होते, हा रास्त प्रश्न आहे. कोलंबियाचा हा कार्यक्रम १९८९ पासून चालतो. त्यात परीक्षा नाही, पदवी नाही, विद्यापीठातील काही वर्गांना बसता येते आणि उरलेला वेळ कार्यशाळा, न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनमधील संस्थांच्या भेटी आणि इतर देशांतून आलेल्या मोजक्या सहभागींबरोबरच्या चर्चा यांत जातो. मला सर्वाधिक मिळाले ते या शेवटच्या भागातून. आपला १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा मला पाठ होता, आणि किमान वेतनाहून कमी मजुरीत राबवून घेणे म्हणजे संविधानाच्या अनुच्छेद २३ मधील सक्तीचे श्रम, हा एशियाड मजुरांच्या प्रकरणातला १९८२ चा निकालही मी प्रत्येक अर्जात उद्धृत करत असे. एका संध्याकाळी मी उचलीची पद्धत समजावून सांगत होतो: नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल मुकादमामार्फत हंगामाआधीच दिलेली, आणि ती फिटेपर्यंत टोळी सोडता येत नाही. नेपाळमधून आलेले एक सहभागी तिथल्या मुक्त कमैयांमध्ये, म्हणजे कर्जापोटी मालकाकडे बांधले गेलेल्या आणि नंतर सुटलेल्या शेतमजुरांमध्ये, काम करत होते. ती कमैया पद्धत नेपाळने २००० साली रद्द केली, आणि तिच्यातल्या कर्जाला ते सौंकी म्हणत. त्यांनी शांतपणे विचारले, ‘तुमच्याकडे या कर्जाचा हिशेब कोण लिहितो, आणि ती वही तुम्ही न्यायालयासमोर आणता का?’

मी आणत नव्हतो. आपल्या कायद्याच्या कलम १५ नुसार, कर्ज हे वेठबिगारीचे कर्ज नाही हे सिद्ध करण्याचा भार धनकोवर असतो, आणि तरीही मी माझ्या अर्जांत मजुरांच्या तोंडी सांगण्यावरच सगळा जोर देत आलो होतो. परत आल्यापासून प्रांत कार्यालयात मुक्ती प्रमाणपत्रासाठी अर्ज करताना मुकादमाची वही हजर करण्याचा स्वतंत्र अर्ज मी पहिल्याच तारखेला देतो. वही नेहमी येते असे नाही, पण ती न येणेही नोंदीवर राहते.

आंतरराष्ट्रीय यंत्रणेबद्दलचा माझा गोंधळही तिथेच कमी झाला. भारताने नागरी आणि राजकीय हक्कांचा करार १९७९ साली स्वीकारला, परंतु त्याच्या ऐच्छिक प्रोटोकॉलवर आपण नाही, त्यामुळे एखाद्या मजुराची वैयक्तिक तक्रार तिथल्या समितीकडे नेता येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदकांना पत्र मात्र पाठवता येते आणि ठरावीक वर्षांनी होणाऱ्या आढाव्याच्या वेळी संस्थेला स्वतःचा अहवालही देता येतो. सक्तीच्या श्रमाविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९३० चा करार भारताने १९५४ मध्ये मान्य केला आहे, याचा आधार आता मी लेखी युक्तिवादात घेतो. पदवीच्या वर्षात हे सर्व अधिक खोलात शिकता आले असते हे मान्य आहे. पण दोन पानांत, तारखांसह, परक्या माणसाला कळेल असे प्रकरण कसे मांडावे, हा सराव मला तिथे मिळाला तसा वर्गात मिळाला असता असे वाटत नाही.

उणिवाही सांगायला हव्यात. पदवी नसल्यामुळे परिचयपत्रात या चार महिन्यांचे वजन कमी पडते, आणि नावाजलेल्या संस्थांच्या जाहिरातींत एलएलएम मागितलेले असते तिथे हे प्रमाणपत्र चालत नाही. कार्यक्रमाला अर्ज करणारा कोणत्या तरी संस्थेशी जोडलेला असावा लागतो, त्यामुळे एकट्याने वकिली करणाऱ्यांना वाट कठीण आहे. खर्चाची व्यवस्थाही सर्वांसाठी सारखी नसते. कार्यक्रमाकडून साहाय्य मिळवून देण्याचा प्रयत्न होतो, पण किती मिळाले हे लेखी हाती आल्याशिवाय तिकीट काढू नये. आणि कोणत्याही फेलोशिपमध्ये मागे राहिलेल्या कार्यालयाचे भाडे आणि ज्युनिअरचे मानधन धरलेले नसते. चार महिन्यांचे मी कसेबसे भागवले. माझ्या सांगलीच्या सहकाऱ्यांना एका वर्षानंतर अशील पुन्हा जोडण्यात दीड वर्ष गेले, आणि त्या माझ्यापेक्षा किती तरी चांगल्या वकील आहेत.

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्किट बेंच सुरू झाल्याने हा हिशेब थोडा बदलला असावा. पूर्वी रिट याचिकेसाठी मुंबईची वाट धरावी लागे, आणि सामान्य पक्षकार तिथेच थांबत असे. आता कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांचे काम इथे चालते. अशा वेळी संविधानाचा आणि तौलनिक कायद्याचा सखोल अभ्यास केलेले वकील इथे असावेत, असे म्हणणाऱ्यांशी माझे भांडण नाही, आणि त्या दृष्टीने चेव्हनिंगचे पारडे पूर्वीपेक्षा जड झाले आहे. मात्र याच काळात वर्षभर बाहेर राहणारा वकील नव्या बेंचच्या घडणीचे पहिले दिवस गमावतो, हेही खरे आहे.

त्यामुळे सनद घेऊन तीन-चार वर्षे झालेल्या, अजून स्वतंत्र फायली नसलेल्या आणि ज्येष्ठांच्या कार्यालयात काम करणाऱ्या वकिलांना मी चेव्हनिंगच सुचवीन. अलीकडे तिची मुदत ऑक्टोबरच्या सुरुवातीला संपते, तेव्हा विद्यापीठांना लागणाऱ्या शिफारसपत्रांसाठी ज्येष्ठांना गणपतीपूर्वी भेटून घ्यावे, कारण त्यानंतर दसरा-दिवाळीच्या सुट्ट्यांत कोणी सापडत नाही. ज्यांच्या नावावर पुराव्यावर आलेली प्रकरणे आहेत आणि ज्यांचे साक्षीदार वर्षातले पाचच महिने या जिल्ह्यात असतात, त्यांनी आधी डायरी उघडून जानेवारी ते मार्चच्या तारखा मोजाव्यात, संस्थेचे संमतीपत्र घ्यावे आणि त्या वर्षीची घोषणा पाहून कोलंबियाचा अर्ज भरावा.