नेकबँड की बड्स? तार कुठे असलेली बरी

नेकबँडला, म्हणजे गळ्यात घालायच्या पट्ट्याच्या ब्लूटूथ इअरफोनला, वायरलेस म्हणावं की नाही, हा वाद आमच्याकडे नागपुरात तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर हमखास निघतो. "तार तर डोळ्यांना दिसते ना बे, मग वायरलेस काहून?" हा एक पक्ष. "तुझ्या बड्समध्ये, त्या कानात खोचायच्या दोन सुट्या बोंडांत, काय नुसती हवा भरली आहे?" हा दुसरा. मी दोन्ही वापरलेत, त्यामुळे दुसऱ्या पक्षाची बाजू मी मनापासून लढवतो. विकत घेताना हा वाद खरंच उपयोगी पडतो.

बड्समध्ये तार आहेच. आवाज निघतो तो चुंबकाशेजारच्या बारीक तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यामुळे. त्यातून प्रवाह गेला की वेटोळं हलतं, त्याबरोबर पडदा हलतो आणि आपल्याला गाणं ऐकू येतं. ती तार काढली तर बड मुकाच. बड्स ठेवायची केस, म्हणजे डबी, चार्ज करायला पुन्हा केबल लागते. यावर कुणी म्हणतं, मी वायरलेस चार्जिंगवाली केस घेतो. घ्या की! पण ती केस चार्जिंगच्या ज्या चकतीवर ठेवायची, त्या चकतीत तारेचं एक वेटोळं, केसमध्ये दुसरं, आणि चकतीची केबल सॉकेटपर्यंत. तार टाळायच्या नादात तांबं वाढलंच.

नेकबँडमध्येही आवाजाची वेटोळी तीच. वर पट्ट्यापासून कानापर्यंत दोन आखूड तारा, एवढाच फरक. फोनपासूनची लांब तार दोघांनीही सोडली आहे. ते काम २.४ गिगाहर्ट्‌झच्या रेडिओ लहरी करतात. म्हणजे तार दोन्हीकडे आहे, एकात दिसते, एकात दिसत नाही. (फोनवर एफएम ऐकणाऱ्यांनी मात्र जुना तारवाला इअरफोन टाकू नये. तिथे ती तारच अँटेना असते.)

आवाजाचं म्हणाल तर सारख्या किमतीत माझ्या कानाला फरक कळला नाही. तुमचा कान जास्त तयार असेल तर गोष्ट वेगळी.

माझा निर्णय झाला तो दुपट्ट्यामुळे. एप्रिल-मेमध्ये इथे डोक्याला आणि कानाला दुपट्टा गुंडाळल्याशिवाय दुपारी कोणी बाहेर पडत नाही. मी गाडी चालवताना कानात काही घालत नाही, पण मेट्रोने जातो तेव्हा घालतो. बाहेरून तापून सीताबर्डी स्टेशनात शिरलं की पहिलं काम दुपट्टा सोडायचं. दुपट्टा ओढला की त्याच्या घडीत अडकून एक बड बाहेर येणार, आणि टाइल्सवरून गडगडत जाणार. मग त्या गर्दीत वाकून, लोकांच्या पायांमधून तो शोधायचा. जिना चढताना झालं तर आणखी वाईट. एक बड हरवला की उरलेला एकटा फारसा कामाचा नाही, आणि सुटा बड मिळवणं म्हणजे वेगळीच पायपीट. याचा मला इतका वैताग आला की घराबाहेर पडताना मी बड्स घेणंच सोडलं.

नेकबँडचं टोकही दुपट्ट्याबरोबर निघतं, नाही असं नाही. पण ते छातीवर लोंबतं, हाताने उचलून परत कानात. ज्या तारेवरून लोक नाक मुरडतात, तीच इथे वस्तू वाचवते.

दुसरी गोष्ट बॅटरीची. बड्सची केस खिशात टोचते म्हणून आपण ती गाडीच्या डिक्कीत टाकतो. बाहेर पारा ४५ च्या आसपास असताना उन्हातल्या डिक्कीत काय होत असेल! लिथियम बॅटरीला एवढी उष्णता सोसत नाही, तिचं आयुष्य घटतं. नेकबँड गळ्यातच राहतो. घामाने मानेला चिकटतो, हे मान्य.

रात्री कूस बदलून झोपताना ऐकायचं असेल, किंवा दिवसभर एसीत बसून काम असेल, तर बड्स घ्या, मी अडवणार नाही. उन्हातान्हात फिरणाऱ्याला मी नेकबँडच सुचवेन.

बर्डीत, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, घ्यायला गेलात तर रंग नंतर बघा. आधी तार पट्ट्यात जिथे शिरते तो सांधा हातात धरून वाकवून बघा. तिथलं रबर लांब आणि मऊ हवं. माझ्या पाहण्यात नेकबँड तुटतो तो तिथेच.