शॉर्ट स्केल बेस: दुखऱ्या बोटांना आराम नेमका किती?

संधिवात असलेल्या बेस गिटारवादकाला पहिला सल्ला मिळतो तो "शॉर्ट स्केल घे", म्हणजे आखूड तारांचा बेस घे, हा. सल्ला अर्धा बरोबर आहे. उरलेला अर्धा तुमचा कोणता सांधा दुखतो यावर ठरतो, आणि बेस विकणारा ते सहसा विचारत नाही.

आधी मापं पाहू. फेंडरच्या प्रिसिजन किंवा जॅझ या नेहमीच्या मापाच्या बेसचा स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, ३४ इंचांचा. त्यावर पहिल्या फ्रेटपासून (फ्रेट म्हणजे नेकवर, वाद्याच्या मानेवर, बसवलेली धातूची आडवी पट्टी) चौथ्यापर्यंतचं अंतर साधारण १३० मिमी येतं. फेंडर मस्टँगसारख्या ३० इंची बेसवर तेच ११४ मिमी, तर आयबानेझ मिक्रोवर (२८.६ इंच) १०९ मिमी. दीड-दोन सेंटिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात, पण करंगळीच्या टोकाच्या सांध्यावर गाठ आलेली असेल तर सूर लागतो की चुकतो हे तेवढ्यातच ठरतं. शिवाय तीच तार त्याच सुराला लावली, तर ३० इंचांवर ताण सुमारे २२ टक्के कमी होतो आणि मिक्रोवर २९ टक्के.

तेव्हा दुखणं बोटं फाकवताना किंवा तार दाबताना होत असेल, तर शॉर्ट स्केलचा फायदा पहिल्या मिनिटापासून कळतो. अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल तर मात्र बेस बदलून फारसं काही साधत नाही. ते दुखणं नेक चिमटीत पकडल्याने येतं, आणि ती सवय नव्या बेसवरही सोबत येते.

पैसे खर्च करण्याआधी एक चाचणी करा. घरातला ३४ इंची बेस चारही तारांवर दोन सेमीटोन (दोन फ्रेटइतकं) खाली उतरवा आणि दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावा. आता मोकळ्या तारा पुन्हा ई, ए, डी, जी वाजतील, पण वाजणारी लांबी ३०.३ इंच उरेल आणि ताणही जवळपास शॉर्ट स्केलइतका होईल. कॅपो बेसचाच हवा. साध्या गिटारचा जाड ई तारेवर नीट बसत नाही आणि तार खरखरते. आठवडाभर असं रोज वीस मिनिटं वाजवा. हात खुश असेल तर खुशाल खरेदी करा. काहीच फरक पडला नाही तर पैसे वाचले.

आता वाद्यांकडे. मस्टँग १९६६ पासूनचं डिझाइन आहे. प्लेअर मालिकेतल्या पीजे मॉडेलचा नट (नेकच्या टोकाशी तारा ज्या खाचांत बसतात ती पट्टी) ३८ मिमी रुंद, म्हणजे नेक निमुळती. ती मुठीत छान बसते. सुजलेल्या बोटांना मात्र नटजवळ तारा गर्दी केल्यासारख्या वाटू शकतात. मिक्रो पोहोचायला सगळ्यात सोपा आणि बहुतेकदा स्वस्तही, पण ई तार ढिली पडते व खालचे सूर पुसट होतात. तिथे १०० ऐवजी १०५ ची (ही जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत) ई तार घातली की ताण दहाएक टक्के वाढतो आणि सूर जरा उभा राहतो. पॉल मॅककार्टनीमुळे ओळखीचा झालेला हॉफनर ५००/१ पोकळ असल्याने खांदा आणि पाठ यांच्यावर सर्वात हलका.

छोट्या बॉडीच्या बेसांची खरी खोड म्हणजे डोकं खाली झुकणं. बेस सोडला की हेडस्टॉक (नेकचं खुंट्यांकडचं टोक) जमिनीकडे जातो, मग डावा हात वाजवता वाजवता नेक उचलून धरतो आणि तारांच्या ताणात वाचवलेली ताकद तिथे खर्च होते. तीन इंच रुंदीचा, आतून खरखरीत चामड्याचा पट्टा घ्या आणि बसून वाजवतानाही तो लावा. तेवढ्याने भागलं नाही तर हलके ट्यूनर (खुंट्या) बसवा.

तारांबाबत एक गैरसमज फार पसरलेला आहे: फ्लॅटवाउंड (चपट्या तारेने गुंडाळलेल्या) तारा म्हणजे मऊ. स्पर्शाला त्या गुळगुळीत असतात, पण त्याच जाडीच्या राउंडवाउंडपेक्षा (गोल तारेने गुंडाळलेल्या तारांपेक्षा) बहुधा ताठच. ला बेला ७६०एम (५२ ते ११०) दुखऱ्या हातांवर घालू नये. थोमास्टिक-इनफेल्ड जॅझ फ्लॅट्स खरोखर कमी ताणाच्या आहेत, किंमत मात्र जड. मागवण्याआधी तारेच्या टोकाला असलेल्या धातूच्या गोळीपासून नटपर्यंतचं अंतर मोजा. जुन्या धाटणीच्या मस्टँगमध्ये तारा बॉडीच्या पाठीमागून येतात. तिथे साधा शॉर्ट स्केल संच आखूड पडतो आणि निमुळता भाग नटवरच येतो.

सर्वात जास्त आराम मात्र सेटअपमध्ये, म्हणजे बेसच्या जुळवणीत आहे, आणि त्यातही नटमध्ये. नवा बेस पुष्कळदा उंच खाचांसह येतो, त्यामुळे पहिल्या दोन फ्रेटवर जास्त जोर लावावा लागतो आणि दोष वयाला दिला जातो! तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवरची फट पाहा. कागदाच्या एक-दोन पदरांएवढी ठीक. व्हिजिटिंग कार्ड सहज सरकलं तर खाच खोल करून घ्या. हे काम तारेच्या जाडीच्या कानशीने, जाणकाराकडूनच. खाच जास्त कोरली तर मोकळी तार खरखरते आणि नट बदलावा लागतो. नेकचा बाक सातव्या फ्रेटवर ०.३ मिमी, बाराव्या फ्रेटवर तारेची उंची ई ला २ मिमी व जी ला १.६ मिमी ठेवा. ट्रस रॉड (नेकचा बाक बदलणारी आतली सळई) एका वेळी पाव फेराच फिरवा. इतक्या खाली आणलेल्या तारा जोरात छेडल्या तर खरखरणारच. तेव्हा ॲम्पचा आवाज वाढवा आणि उजवा हात हलका ठेवा.

बोटांची मांडणी बदलली नाही तर शॉर्ट स्केलही थकवतो. खालच्या फ्रेटवर डबल बेसवाल्यांची १-२-४ पद्धत वापरा: तर्जनी, मधलं बोट आणि करंगळी एवढ्यांत तीनच फ्रेट, अनामिका करंगळीच्या मदतीला. पुढचा सूर हवा तर हात सरकवा, बोट ताणू नका. ए तारेवरचा तिसऱ्या फ्रेटचा सी ई तारेच्या आठव्या फ्रेटवरही मिळतो, आणि ३४ इंची बेसवरसुद्धा पाचव्या ते आठव्या फ्रेटचं अंतर १०३ मिमीच आहे, म्हणजे मिक्रोच्या पहिल्या चार फ्रेटपेक्षाही कमी.

सांधा गरम आणि सुजलेला असेल त्या दिवशी यातलं काहीच लागू नाही, बेस खाली ठेवा. सकाळचा ताठरपणा तासाहून जास्त टिकत असेल तर आमवाताची शक्यता असते. तिथे नव्या वाद्याआधी डॉक्टर.

फाकवण्याचं दुखणं असेल तर मस्टँगच्या मापाचा बेस घ्यावा, तळहात अगदीच लहान असेल तर मिक्रो. अंगठ्याचं दुखणं असेल तर आहे तोच बेस ठेवून नट आणि पट्टा यांवर पैसे घालावेत.