टर्मिनलवरून फाइल पाठवायचीये: वर्महोल, क्रॉक, एससीपी की एज?

समजा डेटाबेसचा दोन-अडीच जीबीचा डंप (अख्खी कॉपी) दुसऱ्या शहरात बसलेल्या डेव्हलपरला द्यायचाय. मेलचा प्रश्नच नाही, जीमेल २५ एमबीलाच हात वर करतं. मग आपल्याकडचा ठरलेला उपाय म्हणजे ड्राइव्हवर टाका, 'लिंक असलेलं कोणीही' करा आणि लिंक ग्रुपवर फेका, आणि काम झाल्यावर ती लिंक आठवणीने बंद करणारा माणूस मला अजून भेटायचाय. वीट्रान्सफरवर बऱ्याच जणांची भिस्त होती, पण मे २०२० मध्ये दूरसंचार विभागाने ते भारतात ब्लॉक करायला लावलं तेव्हा कळलं की दुसऱ्याच्या वेबसाइटवर किती अवलंबून राहायचं ते. आणि पासवर्डवाली झिप म्हणाल तर झिपचं जुनं एन्क्रिप्शन (फाइल कुलूपबंद करायची पद्धत) कसं फोडायचं ते १९९४ पासून छापून आलेलंय, बरीच टूल्स अजूनही गपचूप तेच वापरतात, त्यात आपण पासवर्ड ठेवतो आधारच्या पीडीएफसारखा, नावाची चार अक्षरं आणि जन्मसाल.

टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची विंडो, वापरत असाल तर यापेक्षा बरे पर्याय फुकट आहेत. नेटवर त्यांची तुलना करताना लोक कुणाचं एन्क्रिप्शन भारी यावर तासन्‌तास भांडतात. माझं म्हणणं, ते सोडा. शीर्षकातल्या चौघांचंही एन्क्रिप्शन तुमच्या-माझ्या कामाला पुरून उरेल. निवड ठरते दोन साध्या प्रश्नांवर: समोरचा माणूस आत्ता कीबोर्डसमोर बसलाय का, आणि कोड किंवा पासवर्ड त्याच्यापर्यंत कुठून पोचवणार.

समोरचा बसलेला असेल तर खरी लढत वर्महोल आणि क्रॉक या दोघांत.

मॅजिक वर्महोल हे ब्रायन वॉर्नर यांचं पायथनमधलं टूल, २०१६ च्या पायकॉन या पायथनच्या परिषदेत त्यांनी ते लोकांसमोर मांडलं. तुम्ही टाइप करायचं वर्महोल सेंड आणि फाइलचं नाव, मग ते एक कोड देतं, समजा ७-क्रॉसओव्हर-क्लॉकवर्क. फोन लावून सांगायचं, सात, क्रॉसओव्हर, क्लॉकवर्क. तिकडचा वर्महोल रिसीव्ह टाइप करतो, सात आकडा टाकतो, सी आर ओ एवढं टाइप करून टॅब दाबला की पुढचा शब्द आपोआप पूर्ण होतो, परत दोन-तीन अक्षरं, परत टॅब. त्याला फाइलचं नाव आणि साइज दिसते, घेऊ का विचारतं, वाय दाबलं की सुरू. ही शब्दांची यादी मुळात पीजीपी या जुन्या एन्क्रिप्शन टूलवाल्यांची, फोनवर वाचून दाखवताना एक शब्द दुसऱ्यासारखा ऐकू येऊ नये अशा हिशोबाने निवडलेली, त्यामुळे रेंज कमी असली तरी एरवीचा पासवर्ड सांगताना होतं तसं 'बी फॉर बॉम्बे, कॅपिटल नाही हो स्मॉल' करावं लागत नाही.

आता कोणीही विचारेल की दोन शब्दांचा कसला पासवर्ड, याची तर फक्त ६५,५३६ कॉम्बिनेशन्स होतात. बरोबर आहे, पण इथे स्पेक२ नावाची पद्धत वापरलीय. तिच्यात दोन्ही बाजू त्या छोट्या कोडवरून एक मोठी, मजबूत की बनवतात आणि मधे बसून ऐकणाऱ्याला घरी नेऊन आरामात फोडत बसता येईल असं काहीच हाती लागत नाही. त्याला तिथल्या तिथे, तेही एकदाच, अंदाज मारावा लागतो आणि तो चुकला की कोड मेला आणि तुमच्या स्क्रीनवर एरर आली, म्हणजे कोणीतरी घुसायला बघतंय हे तुम्हाला कळतं. चुकीच्या ओटीपीसारखंच, फक्त इथे दुसरा चान्स पण नाही. तरी धाकधूक वाटली तर कोड-लेंथ ऑप्शन देऊन तीन-चार शब्द करून घ्या.

क्रॉक हे झॅक शॉल यांचं, गो मध्ये लिहिलेलं. कल्पना तीच, छोट्या कोडवरून मोठी की बनवणाऱ्या, पेक म्हणतात त्या घराण्यातलीच पद्धत, कोडमध्ये चार आकडे आणि तीन शब्द. मग वेगळं काय? पहिलं म्हणजे ते एकच बायनरी (तयार प्रोग्रामची फाइल) आहे, विंडोजवाल्या मित्राला 'हे डाउनलोड कर आणि चालव' एवढंच सांगावं लागतं, तर वर्महोलसाठी त्याच्याकडे पायथन टाकण्यापासून सुरुवात. मॅकवर ब्रू आणि उबुंटूवर एप्टने वर्महोल एका ओळीत येतं त्यामुळे तिथे हा मुद्दा नाही, आणि विंडोजसाठी वर्महोल-विल्यम नावाची गो मधली आवृत्ती आहे, पण ते आधी माहीत असायला हवं ना.

दुसरं, आणि माझ्या मते खरं कारण: क्रॉक तुटलेलं ट्रान्सफर पुढे चालू करतं. वर्महोल नाही करत. दोन जीबीपैकी एक पॉइंट आठ गेलं आणि लाइट गेली, राउटर बंद पडला, की वर्महोलमध्ये पुन्हा शून्यापासून, नवा कोड, नवा फोन. पावसाळ्यात कोकणातल्या घरून काम करणाऱ्याला हे समजवायची गरज नाही. मोठी फाइल आणि बेभरवशाचं नेट असेल तर क्रॉक घ्या, यावर जास्त विचार करू नका.

पण क्रॉकचीही एक बाजू सांगायलाच हवी. २०२३ मध्ये ओपनसूसे या लिनक्सच्या सिक्युरिटी टीमने त्याचा कोड वाचून बऱ्याच त्रुटी काढल्या. त्यातली सहज समजणारी एक अशी, की घेणारा क्रॉक लिहून पुढे कोड टाइप करायचा तो कोड कमांडचाच भाग, म्हणजे त्याच मशीनवर लॉगिन असलेल्या दुसऱ्या कोणीही पीएस ही चालू प्रोग्राम दाखवणारी कमांड मारली की प्रोसेसच्या लिस्टमध्ये कोड जसाच्या तसा दिसणार. स्वतःच्या लॅपटॉपवर याने काही बिघडत नाही, पण कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या शेअर्ड सर्व्हरवर बिघडतं. दहाव्या व्हर्जनपासून लिनक्स आणि मॅकवर कोड एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून (कमांडच्या बाहेर ठेवलेल्या सेटिंगमधून) किंवा क्रॉकने विचारल्यावर द्यावा लागतो, जुनी सवय हवीच असेल तर क्लासिक नावाचा ऑप्शन आहे, तो शेअर्ड मशीनवर चालू करू नका. वर्महोल तुम्ही नुसतं रिसीव्ह म्हणालात की कोड स्वतः विचारतं, तिथे हा प्रश्न येत नाही. आणि क्रॉकमध्ये स्वतःचा कोड ठेवता येतो म्हणून कंपनीचं नाव आणि १२३ असलं काही ठेवू नका, सगळा खेळच त्या कोडवर आहे.

डेटा नक्की कुठून जातो यातही फरक आहे. वर्महोल आधी दोन्ही मशीन थेट जोडायचा प्रयत्न करतं, नाही जमलं तर रिलेवरून, म्हणजे मधल्या सर्व्हरवरून. क्रॉक एका नेटवर्कवर असाल तर थेट, नाहीतर रिलेवरून. आपल्याकडच्या मोबाइल नेटला आणि बऱ्याच घरगुती फायबरला स्वतःचा पब्लिक आयपीव्ही४ पत्ता मिळत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात बऱ्याचदा दोन्ही रिलेवरच जातात आणि स्पीड त्या रिलेच्या मर्जीवर. रिलेला फाइल वाचता येत नाही, पण कुठल्या आयपीने कधी आणि साधारण किती डेटा पाठवला हे दिसतं. हेही नको असेल तर दोन्हींचे रिले आपल्या स्वतःच्या व्हीपीएसवर (भाड्याच्या सर्व्हरवर) बसवता येतात, क्रॉकचं तर क्रॉक रिले एवढं टाइप केलं की झालं. आणि एकाच खोलीत बसलोय पण नेट गेलंय अशी वेळ असेल तर क्रॉक लोकल मोडमध्ये चालतं, वर्महोलला मात्र दोघांची गाठ घालून द्यायला बाहेरचा सर्व्हर लागतोच.

आता एससीपी, एसएफटीपी, आरसिंक ही एसएसएचवरून, म्हणजे सर्व्हरवर सुरक्षित लॉगिन करायच्या वाटेने, फाइल नेणारी जुनी मंडळी. रोज रात्री बॅकअप जायचाय, किंवा त्याच माणसाला दर आठवड्याला फाइल द्यायचीये, तर कोड फोनवर सांगत बसणं हास्यास्पद आहे, तिथे आरसिंक, मायनस ए व्ही पी लावून, एसएसएचवरून. तुटलं तर पुढून सुरू, बदललेलाच भाग जातो, स्क्रिप्टमध्ये घालून विसरून जा. एससीपीबद्दल एक गोष्ट माहीत असू द्या, ओपनएसएसएचवाल्यांनी स्वतःच २०१९ मध्ये सांगितलं की तो प्रोटोकॉल जुनाट झालाय, आणि एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या ९.० पासून एससीपी कमांड आतून एसएफटीपीच वापरते, त्यामुळे जुन्या स्क्रिप्ट नव्या मशीनवर कधीकधी उगाच नखरे करतात.

अडचण एवढीच की समोरच्याला तुमच्या सर्व्हरवर अकाउंट द्यावं लागतं. बाहेरच्या माणसाला द्यायचं तर एसएसएच सर्व्हरच्या सेटिंगमध्ये इंटरनल-एसएफटीपी लावून त्याला एका फोल्डरमध्ये कोंडा, शेल (कमांड चालवायची मुभा) देऊ नका. आणि तो कोंडायचा फोल्डर रूटच्याच (मुख्य अ‍ॅडमिनच्याच) मालकीचा लागतो, ग्रुपला राइट परमिशन असली तरी लॉगिन होता होता तुटतं आणि समोरच्याला कारण कळत नाही, अर्धा दिवस तो म्हणतो पासवर्ड चुकीचा दिलाय. आत त्याच्यासाठी अपलोड म्हणून वेगळा सबफोल्डर करून तेवढाच त्याच्या नावावर करायचा. शिवाय पहिल्यांदा जोडताना सर्व्हरच्या कीचा फिंगरप्रिंट (तिची छोटी ओळख) दाखवून विचारतं तेव्हा डोळे मिटून यस टाइप करायची जी आपली सगळ्यांची सवय आहे ना, एसएसएचमधला विश्वास त्याच क्षणी ठरतो, तेव्हा तो फिंगरप्रिंट आधीच मागवून ठेवा.

समोरचा झोपलाय, म्हणजे तो न्यू जर्सीत आणि तुम्ही नाशकात, तेव्हा वर्महोल-क्रॉकचा उपयोग नाही, कारण दोन्हीकडे विंडो उघडी लागते. इथे एज. फिलिपो वॉलसोर्डा आणि बेन कार्टराइट-कॉक्स यांनी बनवलेलं, १.० आलं २०२१ मध्ये. हे फाइल पाठवत नाही, फक्त एन्क्रिप्ट करतं, पाठवायची कशी ते तुमचं तुम्ही बघा, ड्राइव्ह, मेल, पेनड्राइव्ह, काहीही. मायनस पी दिलं तर पासवर्ड मागतं आणि तिथे काही न लिहिता एंटर मारलं तर स्वतःच दहा शब्दांचा पासवर्ड बनवून देतं, तोच घ्या. इथे दोनच्या जागी दहा शब्द का, तर एन्क्रिप्ट झालेली फाइल कोणाच्या हाती लागली की तो ती कितीही वेळा फोडून बघू शकतो, वर्महोलसारखी एका प्रयत्नाची अट नाही.

त्याहून सोपं म्हणजे समोरच्याची पब्लिक की, म्हणजे त्याने जगाला वाटलेलं कुलूप, वापरणं, आणि एज साध्या एसएसएच कीपण घेतं. डेव्हलपर असेल तर त्याच्या गिटहबच्या प्रोफाइलच्या पत्त्याला शेवटी डॉट कीज लावलं की त्याच्या पब्लिक की समोर येतात, त्या एजला दिल्या की फाइल फक्त त्यालाच उघडता येणार, पासवर्ड पाठवायची भानगडच संपली. फोल्डर असेल तर आधी टार करून त्याची एक फाइल बनवा. दोन गोष्टी मात्र एज करत नाही: फाइलचं नाव आणि साइज लपवत नाही, त्यामुळे 'पगार-सर्व-कर्मचारी' असं नाव ठेवून ड्राइव्हवर टाकू नका, आणि फाइल कोणी पाठवली याची सही करत नाही. सही हवी असेल तर जीपीजी हे एन्क्रिप्शन आणि सहीचं जुनं टूल, पण नुसती फाइल लपवायला आज नव्याने जीपीजी शिकायला बसा असं मी कोणाला सांगणार नाही, त्याच्या की सांभाळणं हाच एक स्वतंत्र उद्योग आहे.

बाकीचं पटकन. समोरच्याकडे टर्मिनलच नाही, ब्राउझर आहे, तर सेंड. मोझिलाने २०१९ मध्ये काढलेलं फायरफॉक्स सेंड मालवेअरवाल्यांनी वापरायला सुरुवात केल्यावर २०२० मध्ये बंद झालं, पण त्याचा कोड घेऊन टिम व्हिसे यांनी ते पुढे चालू ठेवलंय आणि टर्मिनलसाठी एफएफसेंड पण त्यांचंच. तिथे की लिंकमधल्या हॅशनंतरच्या (# नंतरच्या) भागात असते, म्हणजे लिंक ज्याच्या हाती त्याच्या हाती फाइल, तेव्हा पासवर्ड आणि एकदाच डाउनलोड हे दोन्ही लावा. ट्रान्सफर डॉट एसएच छापाच्या, कर्ल या कमांडने अपलोड करा आणि लिंक घ्या वाल्या सेवा, एजने एन्क्रिप्ट केलेली फाइल असेल तरच. पत्रकार असाल, आपण कोण हेही लपवायचं असेल, तर ओनियनशेअर, टॉर या ओळख लपवणाऱ्या नेटवर्कवरून चालतं, हळू चालतं.

कोड कुठून पाठवायचा यावर: वर्महोलचा कोड चुकून ग्रुपवर गेला तर जो आधी घेईल त्याला फाइल मिळते, पण निदान खऱ्या माणसाला मिळाली नाही म्हणून लगेच बोंब होते. एजचा पासवर्ड मात्र ज्या मेलमध्ये फाइल त्याच मेलमध्ये लिहिलात तर काही न केल्यासारखंच, आणि कोणाला पत्ताही लागणार नाही. फाइल मेलने, पासवर्ड फोनवर किंवा सिग्नलवर.

मी स्वतः समोरचा कीबोर्डसमोर बसलेला असेल तर वर्महोल वापरतो, एक जीबीच्या वर गेलं किंवा पलीकडे विंडोज असेल तर क्रॉक, रोजचं काम आरसिंक, उरलेलं एज. आणि ऑफिसच्या नेटवरून करणार असाल तर आधी एक तपासा, वर्महोलचे सार्वजनिक सर्व्हर ४००० आणि ४००१ पोर्टवर आहेत, क्रॉकचा रिले ९००९ पासून पुढे, बऱ्याच कंपन्यांचा फायरवॉल ८० आणि ४४३ सोडून काहीच बाहेर जाऊ देत नाही. तिथे दोन्ही नुसती ताटकळत बसतील, तेव्हा फोनचा हॉटस्पॉट लावून क्लायंटचा डेटा बाहेर काढायच्या भानगडीत पडू नका, आयटीला विचारा, आणि त्यांनी जो ड्राइव्ह चालेल म्हणून सांगितलंय त्यावर एज केलेली फाइल टाका.