टॉवेलवाल्यांनी लावावी अशी ईडियम्सची बॅच

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल एक्स्पोर्टचं डॉक्युमेंटेशन बघते. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, जीएसएम (कापडाचं दर चौरस मीटरला ग्रॅममध्ये वजन), इथवरचं इंग्रजी बिनबोभाट चालतं. गाडी अडते ती अमेरिकन बायरच्या मेलवर. एकदा 'बॉलपार्क फिगर' मागतो, एकदा 'टच बेस' करू म्हणतो. म्हणून सात रस्त्याजवळच्या एका क्लासची संध्याकाळची बॅच लावली. तिथं फक्त ईडियम्स, म्हणजे इंग्रजी वाक्प्रचार, शिकवतात.

सर पाठ करायला लावत नाहीत, मुळाशी नेतात. बॉलपार्क म्हणजे बेसबॉलचं मैदान, आणि ती फिगर म्हणजे ढोबळ आकडा. त्यावर लगेच कोटेशन पक्कं करायचं नसतं! 'टच बेस' म्हणजे थोडक्यात बोलून घेऊ. ब्रिटिश बायरचं 'स्टिकी विकेट' मात्र आपल्याला न शिकवता कळतं. पावसात भिजून वाळत चाललेल्या खेळपट्टीवर बॅटिंग करणाऱ्याचे हाल सगळ्यांना ठाऊक.

सगळ्यात रंगला तो 'ऑन टेंटरहुक्स'चा तास. इंग्लंडात पूर्वी ओलं लोकरी कापड आकसू नये म्हणून लाकडी चौकटीवर ताणून, कडेच्या वाकड्या खिळ्यांना अडकवून वाळवायचे. ती चौकट म्हणजे टेंटर. आपल्या प्रोसेस हाउसमधलं स्टेंटर मशीन तेच काम करतं, नावही तिथूनच आलंय. अर्थ? जीव टांगणीला. बॅचमधले पूर्व भागातले यंत्रमागवाले काका म्हणाले, "म्हणजे पेमेंट येईपर्यंत आपण टेंटरवरच की ओ!"

नोट्स मात्र सुमार. झेरॉक्स फिकट, त्यात 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज'ची (म्हणजे मुसळधार पाऊस) ती छपरावरून घसरणाऱ्या कुत्र्या-मांजरांची गोष्ट खरी म्हणून छापलीय. ती फॉरवर्डमधली थाप आहे. गवताच्या छपरावर पावसात कुत्रं कशाला जाऊन बसेल? 'होल नाइन यार्ड्‌स'चा (म्हणजे सगळंच्या सगळं) आपल्या नऊवारीशी संबंध नाही, हे तरी सरांनी तोंडी सांगितलं. नोट्समध्ये तेही नाही.

फी महिना १,५०० रुपये. खोली लहान, पंखा नुसता आवाज करतो, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये जाऊच नका. जाताना स्वतःचे मेल घेऊन जा. तास संपल्यावर सर बसून उलगडून देतात. आमच्या क्लेमच्या मेलमधलं 'मीट अस हाफवे' वाचून मालकांना वाटलं, ऑर्डर अर्ध्यावर सोडतायत. बायर फक्त नुकसान निम्मं निम्मं सोसू म्हणत होता.