गेंडा एक, छाप चार: भिंतीवरच्या प्राणिचित्रासाठी काय निवडाल?

१५१५ च्या जानेवारीत गोव्याच्या बंदरातून एक गेंडा जहाजाने निघाला. गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फरशहा याने तो गोव्याचा पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्क याला नजर केला होता आणि अल्बुकर्कने तो पोर्तुगालच्या राजाकडे धाडला. २० मे रोजी तो लिस्बनला उतरला. न्यूरेंबर्गचा जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याने तो प्रत्यक्ष कधीच पाहिला नाही. हाती आलेलं एक वर्णन आणि एक रेखाटन एवढ्यावर त्याने लाकडी ठोकळ्यावरून छापायचं चित्र तयार केलं. अंगावर चिलखतासारखे पत्रे, मानेवर एक जादा शिंग, आणि तरीही काय जिवंत प्राणी!

प्राण्याचं चित्र घ्यायचंय पण कशावर छापलेलं घ्यावं कळत नाही, असं कुणी विचारलं की मी याच गेंड्याचं उदाहरण देते. तो पोस्टरवर मिळतो, कॉटन कागदावरच्या पिगमेंट प्रिंटमध्ये मिळतो, कॅनव्हासवर मिळतो आणि लिलावांत ठोकळ्यावरून काढलेले जुने ठसेही येतात. चारही ठिकाणी चित्र तेच, पण घरी येणारी वस्तू मात्र दर वेळी निराळी.

पोस्टरबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. ते ऑफसेटवर, म्हणजे छापखान्याच्या मोठ्या यंत्रावर छापलेलं असेल तर भिंगाखाली रंगीत ठिपक्यांची ठरावीक नक्षी दिसते. कागद बहुधा लाकडाच्या लगद्याचा असतो, त्यातल्या लिग्निन या लाकडातल्याच द्रव्यामुळे तो पिवळा पडतो. मुलांच्या खोलीत वाघ-हत्ती लावायचे असतील आणि चार वर्षांनी बदलायचेच असतील तर पोस्टरच घ्या, त्याला महागडी फ्रेम करू नका.

खरा विचार पुढच्या तीन पर्यायांतच करायचा असतो.

पिगमेंट प्रिंट, म्हणजे दुकानदार ज्याला जिक्ले म्हणतात ती, हा इंकजेटच असतो. फरक शाईचा आणि कागदाचा. डाय शाईचे (विरघळलेल्या रंगाच्या शाईचे) रंग उजेडाने लवकर उडतात, पिगमेंट शाई (रंगाच्या बारीक कणांची) कितीतरी जास्त टिकते. म्हणून विक्रेत्याला तीन गोष्टी नेमक्या विचारा: शाई पिगमेंट आहे का, कागद शंभर टक्के कॉटन आणि अ‍ॅसिड-फ्री आहे का, आणि जाडी किती जीएसएम (दर चौरस मीटरला किती ग्रॅम). तीनशेच्या आसपासचा कागद हातात घेतला की लगेच कळतो, उचलल्यावर तो लुळा पडत नाही. उत्तरादाखल नुसतं ‘प्रीमियम क्वालिटी’ ऐकायला मिळालं तर दुसरं दुकान गाठा. कागद झगझगीत पांढरा असेल तर त्यात ऑप्टिकल ब्राइटनर, म्हणजे पांढरेपणा वाढवणारी रसायनं घातलेली असण्याची शक्यता असते. काही वर्षांनी त्यांचा असर ओसरतो आणि कागद पिवळसर दिसू लागतो. किंचित दुधाळ रंगाचा कागद त्यापेक्षा बरा.

मूळ चित्र जलरंगातलं असेल तर हाच पर्याय उत्तम. जहांगीराच्या दरबारातल्या उस्ताद मन्सूरने १६२१ मध्ये रंगवलेला झेब्रा घ्या. तो प्राणी दरबारात आला तेव्हा हे पट्टे कुणी रंगवले तर नाहीत ना, अशी शंका लोकांना आल्याचं खुद्द जहांगीराने लिहून ठेवलंय. मूळ चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. त्यातली आयाळीची बारीक रेघ मॅट कॉटन कागदावर जशी उतरते तशी कॅनव्हासच्या विणीवर उतरत नाही. ताडोब्याच्या वाघाचा फोटो असला तरी हेच. मिशा आणि डोळ्याभोवतीची लव हीच तर त्या फोटोची मजा, ती कापडाच्या वीण-खाचांत घालवू नये.

खर्च वाचवायचा एक चांगला मार्गही आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन आणि वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीसारखी संग्रहालयं स्वामित्वहक्क संपलेल्या अनेक चित्रांच्या मोठ्या फाइली विनामूल्य देतात. ड्यूररचा गेंडाही त्यात आहे. फाइल उतरवून घ्या आणि चांगल्या फोटो-लॅबमधून छापून घ्या. ए-थ्री आकारासाठी साधारण ३५०० × ५००० पिक्सेल असले की पुरे. हयात चित्रकाराचं चित्र मात्र असं परस्पर छापू नका, भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं त्यावर हक्क असतो.

कॅनव्हासची बाजू मला पटत नाही, तरी ती मांडते. मोठी भिंत कमी पैशांत भरते, काच नसल्याने समोरच्या खिडकीचं प्रतिबिंब पडत नाही, वजनही हलकं. पण गेंड्याचा मूळ ठसा जेमतेम ए-फोर कागदाएवढा आहे. त्याला चार फुटी केलं की एकेक रेघ दोरखंडाएवढी होते आणि ड्यूररचं कोरीवकाम निघून जातं. शिवाय आपलं हवामान. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात कॅनव्हास सैल पडतो, मागच्या बाजूला बुरशी धरते, पुढून धूळ थेट विणीत बसते. छत्रपती संभाजीनगर-नागपूरकडच्या कोरड्या हवेत हा त्रास कमी होतो. घ्यायचाच असेल तर वरून संरक्षक कोटिंग आहे का पाहा आणि चौकटीच्या कोपऱ्यांत खुंट्या आहेत का तेही पाहा, म्हणजे सैल पडल्यावर ताणून घेता येतो.

आता हातचा ठसा: लिनोकट (लिनोलियमच्या तुकड्यावर कोरून काढलेला), वुडकट (लाकडावर कोरून), एचिंग (धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेघा कोरून). पुष्कळांना वाटतं, हे आपल्या ऐपतीबाहेरचं. ड्यूररच्या हयातीतला ठसा अर्थातच आहे. नंतरच्या छाप्यांत ठोकळ्याला गेलेली चीर गेंड्याच्या पायांतून आरपार दिसते, तरी तेही स्वस्त नाहीत. पण आजच्या तरुण मुद्राचित्रकारांचे छोटे ठसे, एखादं घुबड, एखादी म्हैस, बरेचदा मोठ्या कॅनव्हास प्रिंटच्या पैशांत येतात. कला महाविद्यालयांच्या वार्षिक प्रदर्शनांत जरूर जा. ठसा हातात आला की तो खिडकीशी तिरपा धरा. एचिंगमध्ये चित्राभोवती पत्र्याच्या दाबाची चौकोनी खूण कागदात रुतलेली दिसते. लिनोकटमध्ये शाईचा थर जाणवतो आणि पाठीमागे बोट फिरवलं तर कधी कधी दाबाचा उंचवटाही लागतो. इंकजेटमध्ये यातलं काही नसतं.

खाली पेन्सिलीने ५/२५ असं लिहिलेलं असतं, म्हणजे पंचवीसपैकी पाचवा ठसा. लिनोच्या एका पद्धतीत तर तोच तुकडा रंगागणिक कोरत कोरत संपवतात, त्यामुळे सव्विसावा काढायचं ठरवलं तरी निघत नाही. म्हणून त्या आकड्याला मोल आहे. जिक्लेवर असाच ‘लिमिटेड’ आकडा घालून दुप्पट किंमत लावतात, ती मी देणार नाही. फाइल शाबूत आहे तोवर प्रती थांबतात त्या निव्वळ विक्रेत्याच्या शब्दावर.

गोंड चित्रांच्या बाबतीत तर प्रिंटचा विचारच करू नका. मध्य प्रदेशातल्या पाटणगढचे गोंड आदिवासी चित्रकार जनगढसिंह श्याम यांच्यापासून पुढे गेलेल्या त्या परंपरेत आज अनेक चित्रकार कागदावर लहान आकारात हरणं, मोर, वाघ काढतात. छापील नकलेपेक्षा थोडे जास्त पैसे टाकून मूळ चित्र मिळत असेल तर ते पैसे थेट काढणाऱ्याच्या हातात पडू द्यावेत.

कागदाचं काहीही घेतलंत तरी निम्मं आयुष्य फ्रेमवाल्याच्या हातात. एका दुकानात मी सुंदर एचिंग फेविकॉल लावून हार्डबोर्डावर सपाट चिकटवलेलं पाहिलंय. ते आता सुटणार नाही, फुगवटे तेवढे येत राहतील. म्हणून काम टाकतानाच स्पष्ट सांगा: गोंद नको, सेलोटेप नको, फक्त वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन पट्ट्या गव्हाच्या खळीने लावा. पुढे-मागे अ‍ॅसिड-फ्री माउंट (चित्राला आधार देणारा जाड पुठ्ठा) हवा आणि काच कागदाला टेकता कामा नये, कारण दमटपणात कागद काचेला चिकटतो. पाठीला एमडीएफ नको. यूव्ही रोखणाऱ्या काचेला जास्त पैसे पडतात, पण खोली उजेडाची असेल तर ते इथेच घाला, फ्रेमच्या नक्षीत नको.

टांगताना पावसाचा मारा बसणारी बाहेरची भिंत आणि न्हाणीघराला लागून असलेली भिंत टाळा. फ्रेमच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांना मागून रबराच्या टिकल्या लावा, मागे हवा खेळते. काच पुसायचं पाणी फडक्यावर घ्या. काचेवर फवारलं तर ते कडेने आत उतरतं. नवरात्राआधीच्या साफसफाईत प्रत्येक फ्रेम उतरवून पाठ बघा: कसर, वाळवीची माती, तपकिरी ठिपके.

ठिपके किंवा बुरशी दिसलीच तर घासू नका, पुसू नका, उन्हातही ठेवू नका. फ्रेम उघडून कागद सावलीत, पंख्याच्या थेट वाऱ्यापासून दूर कोरडा होऊ द्या. पोस्टर असेल तर टाकून द्या, स्वतः फाइलवरून काढून घेतलेली प्रिंट असेल तर पुन्हा छापून घ्या. हातचा ठसा किंवा मूळ गोंड चित्र असेल तर कागद जपणाऱ्या तज्ज्ञाला दाखवा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं कलासंवर्धन केंद्र आहे, चौकशी तिथून सुरू करता येईल.