सासूबाईंचे घट्ट मोजे: साडेसात महिन्यांचा हिशोब

आधी किंमत सांगते, कारण असे अनुभव वाचताना मी स्वतः पहिल्यांदा तेच शोधते. पायांच्या सुजेसाठी घालून पाहिलेले पहिले मोजे फुकट मिळाले, दुसरे साडेपाचशेचे, तिसरे चौदाशेचे. पहिले दोन वाया गेले. तिसरे आमच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून रोज घालताहेत. वय ७२, मधुमेह अठरा वर्षांचा, आणि गेल्या दिवाळीनंतर हार्ट फेल्युअरचं निदान.

(काय मेलं नाव आहे! डोंबिवलीच्या मावशींना फोनवर ‘हार्ट फेल’ एवढंच ऐकू आलं आणि त्या रडत रडत ठाण्याला, नौपाड्यातल्या आमच्या घरी येऊन पोचल्या. दार आईंनीच उघडलं. हृदय बंद पडलेलं नसतं, त्याचा जोर कमी झालेला असतो. आईंचं पंपिंग, म्हणजे हृदय दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर टाकतं तो आकडा, टू-डी एकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) ३५ टक्के आलं होतं.)

दिवाळीत पाय सुजले तेव्हा आम्ही सगळ्यांनी दोष चकल्यांना दिला. दोन दिवस ओट्याशी उभ्या होत्या, सुजणारच. घोट्यावर अंगठा दाबला की खड्डा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. संध्याकाळी जोडवी बोटांत रुतायची. शेजारच्या काकूंनी त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळचे पांढरे मोजे आणून दिले. मनापासून दिले, पण ते वेगळ्या कामाचे. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटच्या पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून ते असतात. दिवसभर घरात हिंडणाऱ्या बाईची सूज आवरायला नसतात. मग मी औषधाच्या दुकानातून दुसरे आणले. दुकानदाराने विचारलं, “चपलेचा नंबर काय?” मी सांगितला, त्याने लार्ज दिले. सुजलेल्या पायाचं माप चपलेवरून घेतलं जातंय आणि आपण पैसे मोजतोय, हे तेव्हा डोक्यात शिरलंच नाही.

ते मोजे घालायला लागल्यावर तिसऱ्या रात्री आईंना आडवं होता येईना. तीन उशा लावून बसूनच होत्या, मध्येच उठून खिडकीशी जात होत्या. सकाळी हॉस्पिटल. तिथे डॉक्टरांनी आधी मोजे काढायला लावले. मोज्यांमुळे हे झालं असं ते म्हणाले नाहीत, पाणी आधीपासून साठतच होतं. पण त्यांनी जे समजावलं ते मी आता सगळ्यांना ऐकवते. हृदय रक्त पुरेसं पुढे ढकलत नाही, म्हणून शिरांमध्ये दाब वाढतो आणि पाणी पायांत झिरपतं. मूत्रपिंडं मीठ-पाणी धरून ठेवतात, त्याची भर. मोजा ते पाणी शरीराबाहेर टाकत नाही, पायातून वर पाठवतो. “ठाणे स्टेशनचं बघा,” ते म्हणाले, “गाड्याच सुटत नसतील तर पुलावरची गर्दी फलाटावर ढकलून काय होणार?” त्या वेळी आईंचा फलाट म्हणजे छाती.

पाच दिवस ठेवलं. लघवी होण्याची इंजेक्शनं, मग गोळ्या. वजन ६६.८ वरून ६१.९ वर आलं, म्हणजे जवळजवळ पाच किलो नुसतं पाणी. आणखी एक गोष्ट सापडली. ब्लडप्रेशरसाठी आई अ‍ॅम्लोडिपिन घेत होत्या. त्या गोळीने काही जणांचे घोटे सुजतात. ती बंद करून दुसरी दिली. तेव्हा प्रामाणिकपणे लिहायचं तर मोठी सूज मोज्यांनी उतरवलेली नाही, औषधांनी उतरवली. मोज्यांकडे उरलं ते संध्याकाळचं जडपण आणि घोट्याभोवतीचा फुगवटा.

तीन आठवड्यांनी मी मोज्यांचा विषय पुन्हा काढला. डॉक्टरांनी छाती तपासली, वजनाचे आकडे पाहिले, पावलांच्या नाड्या बोटांनी चाचपल्या आणि डॉप्लरला, म्हणजे पायांतला रक्तप्रवाह बघणाऱ्या तपासणीला, पाठवलं. घोट्याचं प्रेशर भागिले दंडाचं प्रेशर, असं ते गणित असतं. आईंचं ०.९८ आलं. ०.९ च्या खाली गेलं की पायाच्या रोहिण्या (हृदयाकडून रक्त आणणाऱ्या वाहिन्या) अरुंद झाल्याची शंका येते, आणि ०.५ च्या खाली घट्ट मोजे म्हणजे पायाचा गळा आवळण्यासारखं. मधुमेहात रोहिण्या कडक होऊन आकडा खोटा चांगला दिसू शकतो, म्हणून नुसत्या आकड्यावर न थांबता त्यांनी डॉप्लरच्या पडद्यावरचा प्रवाहही पाहिला. मगच परवानगी मिळाली: गुडघ्याखालचे, बोटं उघडी असलेले, क्लास १.

या ‘क्लास’वर विसंबू नका. जर्मन मापाचा क्लास १ म्हणजे घोट्याशी १८ ते २१ मिलिमीटर पाऱ्याचा दाब, ब्रिटिश मापाचा क्लास १ म्हणजे १४ ते १७. दोन्ही खोके एकाच काचेच्या कपाटात असतात. खोक्यावरचा दाबाचा आकडा वाचा आणि डॉक्टरांनी लिहिलेल्याशी जुळवा. या वेळी माप सर्जिकल सामानाच्या दुकानात घेतलं, तेही सकाळी, सूज चढायच्या आत: घोट्यावरचा सर्वांत बारीक घेर, पोटरीचा सर्वांत मोठा घेर, आणि टाचेपासून गुडघ्याच्या वळीपर्यंतची लांबी.

आता खरा अनुभव, जो खोक्यावर छापलेला नसतो. हे मोजे पेशंट स्वतः घालू शकत नाही. निदान आमचा तरी नाही. पंपिंग ३५ टक्के असलेल्या बाईने वाकून, दात-ओठ खात मोजे ओढले तर तिला धापच लागेल. म्हणून रोज सकाळी साडेसहाला, आईंनी पलंगावरून पाय खाली टाकण्याआधी, मी हजर. पहिल्या आठवड्यात वीस मिनिटं लागायची आणि दोघींची चिडचिड व्हायची. “अगं, माझा पाय आहे, उशीचा अभ्रा नाही!” हे रोजचं. आता सहा मिनिटांत होतं. मोजा टाचेपर्यंत उलटा करायचा, पाऊल घालायचं, टाच टाचेत बसवायची आणि मग तळहातांनी वर सारत न्यायचा. नखांनी ओढायचं नाही. भांडी घासायचे रबरी हातमोजे घातले की पकड येते. पावलावर आधी गुळगुळीत प्लास्टिकची पिशवी चढवली की मोजा सरकतो, मग उघड्या बोटांकडून पिशवी ओढून काढायची. ही युक्ती हॉस्पिटलातल्या सिस्टरांनी दिली. तिचे पैसे घेतले असते तरी मी दिले असते.

जोडव्यांवरून मात्र रण पेटलं. ती काढायला आई तयार नव्हत्या, आणि पहिल्याच दिवशी त्यांत अडकून मोज्याचा धागा निघाला. शेवटी बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, पेपरातून मान वर न करता सांगितलं, “माझ्याकडून परवानगी आहे.” तेव्हापासून जोडवी सकाळी डबीत जातात, रात्री परत बोटांत.

रात्री नऊला मोजे काढायचे. आडवं झाल्यावर पाणी आपोआप परत फिरतं, तेव्हा त्यांचं काम नसतं. मॉइश्चरायझर रात्रीच लावायचं. सकाळी लावलं तर मोजा चढत नाही आणि कापडही खराब होतं.

एप्रिल-मे वाईट गेले. ठाण्याचा घाम, त्यात पोटरीपर्यंत जाड कापड. दुपारी वीज गेली की आई आधी मोज्यांच्या नावाने बोटं मोडायच्या, मग वीजवाल्यांच्या. डॉक्टरांना विचारून दुपारी दोन तास मोजे काढून पाय उशीवर ठेवायची सूट घेतली. त्याच दिवसांत माझी चूक झाली. लांबी जास्त वाटली म्हणून मी वरची कड दुमडली. दुमडलेल्या जागी दाब दुप्पट होतो. संध्याकाळी गुडघ्याखाली खोल वळ आणि एक फोड. मधुमेहामुळे त्यांच्या पायांची संवेदना कमी आहे, त्यांना काही कळलंच नाही. फोड भरेपर्यंत बारा दिवस त्या पायात मोजा नाही. आता रोज रात्री टॉर्च लावून पाय बघते, बोटांच्या बेचक्यांसकट.

पावसाळ्यात वाळवण्याची पंचाईत. हे मोजे हाताने धुवायचे, पिळायचे नाहीत, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचे आणि सावलीत पसरायचे. जुलैत ते दीड दिवस ओलेच राहतात, म्हणून दोन जोड लागतातच. चौदाशेचे अठ्ठावीसशे झाले, ते असे.

फायदा किती? बाबा रोज सकाळी लघवीनंतरचं वजन कालनिर्णयाच्या चौकोनात लिहितात. त्याखाली मी संध्याकाळचा घोट्याचा घेर लिहायला लागले. मोज्यांआधी उजवा साडेसव्वीस सेंटीमीटर भरायचा, आता साधारण चोवीस. जडपण गेलं, पोटरीची कातडी ताणून चकाकायची ती थांबली, आणि संध्याकाळी आई तलावपाळीला अर्धी फेरी मारून येतात. धाप, थकवा, पंपिंग यांत मोज्यांनी काडीचाही फरक पडलेला नाही, पडणारही नव्हता. जूनमध्ये एका लग्नात लोणचं-पापड झालं आणि तीन दिवसांत वजन दोन किलो चढलं. घोटा मात्र मोज्यात आवळलेला, बघून काही कळलं नसतं. कळलं ते कालनिर्णयावरून. फोन केला, गोळी वाढवली, चार दिवस मोजे बंद. म्हणून मोजे घेणार असाल तर वजनकाटा आधी घ्या. आणि एकच पाय अचानक सुजला, दुखायला लागला, गरम लागला तर मोजे चढवत बसू नका, सरळ डॉक्टरांकडे जा.

सहा-सात महिन्यांत मोज्यांचा ताण सैल पडतो. परवा नवीन जोडीसाठी पुन्हा माप दिलं, या वेळी मीडियम बसले. दुकानातून निघताना आई म्हणाल्या, “जुने टाकू नकोस हं. देवाची भांडी पुसायला नको, पण पंखा पुसायला होतील.”