अँकी ॲप: दीड वर्ष वापरल्यानंतरचा रिव्ह्यू (मराठी मीडियमवाल्यांनी नक्की वाचा)

दीड वर्ष झालं मी अँकी, म्हणजे कार्डांवरून शब्द लक्षात ठेवायचं ॲप, वापरतेय, सुरुवातीचा एक खंड सोडला तर रोज, परीक्षेच्या दिवसांत पण, त्यामुळे आता यावर लिहिते. दोन-तीन ज्युनिअर्सनी विचारलं पण होतं की व्होकॅब्युलरीसाठी काय करतेस म्हणून.

आधी माझं सांगते म्हणजे कळेल. दहावीपर्यंत बार्शीत मराठी मीडियम, अकरावी-बारावीला पुस्तकं इंग्लिश पण सर शिकवणार मराठीतूनच, आणि मग एकदम पुण्यात मेकॅनिकलला ॲडमिशन. सेकंड इयरला मटेरियल सायन्सच्या व्हायवाला (तोंडी परीक्षेला) एक्स्टर्नलनी, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकांनी, विचारलं, ब्रिटल आणि डक्टाइलमधला फरक सांग. आता मला ठिसूळ म्हणजे काय माहीत होतं, तन्यता आणि वर्धनीयता शाळेपासून पाठ होतं, खडू कसा टचकन मोडतो आणि तांब्याची तार कशी ओढून निघते हे डोळ्यासमोर दिसत होतं, पण कुठला इंग्रजी शब्द कशासाठी हेच त्या क्षणी जागेवर बसेना. डक्टाइल, मॅलिएबल, ब्रिटल सगळे ओळखीचे चेहरे आणि नाव एकाचंही आठवत नाही असं झालं. मी गप्प राहिले. त्यांना वाटलं हिला विषयच येत नाही. रूमवर येऊन खूप रडले त्या दिवशी, कारण विषय येत होता हो.

मग एक व्होकॅबचा क्लास लावला. तिथे तीन हजार शब्दांची यादी दिली, ए पासून सुरू, रोज पन्नास पाठ करून या. पहिल्या आठवड्यात पाठ केलेले तिसऱ्या आठवड्यात गायब. आणि ते शब्द माझ्या पुस्तकात नाहीत, लेक्चरला नाहीत, कुठेच भेटत नाहीत, मग राहणार तरी कसे?

अँकी मला हॉस्टेलच्या सीनिअर ताईने दाखवलं. ते २००६ साली डेमियन एल्म्स नावाच्या माणसाने स्वतःला जपानी शिकायची होती म्हणून बनवलं, आणि अँकी हा जपानी शब्दच आहे, त्याचा अर्थ पाठांतर. पण आपण ज्याला घोकंपट्टी म्हणतो ते हे नाही. एका कार्डाच्या पुढे प्रश्न, मागे उत्तर. उत्तर मनात आठवायचं, मग कार्ड उलटायचं आणि खरं खरं सांगायचं की आठवलं, जड गेलं की आठवलंच नाही. त्यावरून ॲप ठरवतं की हे कार्ड परत कधी दाखवायचं, उद्या की चार दिवसांनी की दोन महिन्यांनी. म्हणजे शब्द विसरायच्या बेताला आला की तो परत समोर येतो. यामागचा विचार जुना आहे, एबिंगहाउस नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं सुरुवातीला भराभर विसरतं आणि मग विसरण्याचा वेग कमी होतो. सेटिंगमध्ये एफएसआरएस नावाचा नवा हिशोब आहे, २०२३ पासून आलाय, तो चालू करा, तुमची स्वतःची विसरण्याची सवय बघून तो तारखा लावतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मी पहिल्यांदा केलं ते चुकीचं केलं. दुसऱ्या कोणीतरी बनवलेला हजारो शब्दांचा तयार डेक (कार्डांचा गठ्ठा) डाउनलोड केला. ॲप मुळात रोज वीस नवीन कार्डं देतं, ऐकायला वीस कमी वाटतात पण आधीची पण परत येत राहतात ना, त्यामुळे महिन्याभरात रोजचे शे-दीडशे रिव्ह्यू (जुन्या कार्डांची उजळणी) व्हायला लागले, त्यात सबमिशनचे दहा दिवस उघडलंच नाही, आणि परत उघडलं तर ढीगभर कार्डं पेंडिंग. पूर्ण डेक डिलीट केला. मग ताई म्हणाली स्वतःची कार्डं बनव, दिवसाला जास्तीत जास्त सात-आठ. तेव्हापासून गाडी रुळावर आली.

माझं कार्ड असं असतं. पुढे ते वाक्य, जिथे मला शब्द भेटला, पुस्तकातलं, नोटीस बोर्डवरचं, लेक्चरमधलं, जसंच्या तसं, आणि त्या शब्दाच्या जागी रिकामी जागा. मागे शब्द, त्याचा मराठी अर्थ, आणि माझं स्वतःचं एक वाक्य. उदाहरणार्थ बोर्डवर टेंटेटिव्ह टाइमटेबल लागलं होतं, मी मागे लिहिलं कच्चं टाइमटेबल. संपलं, आता तो शब्द कधीच जाणार नाही.

आणि मराठी अर्थ लिहिण्यात जी मजा आहे ती मी आधी धरलीच नव्हती. अर्थ म्हणून डिक्शनरीतलं जड काहीतरी उतरवलं तर ते लक्षात राहत नाही, आपण घरात बोलतो तो शब्द शोधावा लागतो. रिलक्टंटला मी अनिच्छुक लिहिलं होतं, चार वेळा चुकलं. आजीला फोनवर समजावून सांगितलं की करायचं मनात नाही, सरळ नाही पण म्हणत नाही, असा माणूस, तर ती लगेच म्हणाली, "आगं, आढंवेढं घेतोय म्हण की!" तेच कार्डावर लिहिलं. मेटिक्युलसला काटेकोर, इंट्रिकेटला किचकट, रोबस्टला दणकट. जिथे आजी पण अडते तिथे मी मोल्सवर्थचा कोश बघते, १८५७ ची दुसरी आवृत्ती, शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट आहे, तो मराठीतून इंग्रजी आहे पण सगळ्या मजकुरात इंग्रजी शब्द शोधता येतो आणि मग असे असे मराठी शब्द निघतात की वाचतच बसावंसं वाटतं. इंग्रजीसाठी सुरू केलं आणि माझी मराठी पण वाढली, हे मी अगदी मनापासून सांगतेय.

शब्दाचं मूळ पण मागे लिहा. डक्टाइलमध्ये लॅटिनचा ओढून नेणे, वाट दाखवणे असा क्रियापदाचा धातू आहे, तोच कंडक्टरमध्ये, तोच डक्टमध्ये, इंट्रोड्यूसमध्ये. डक्टाइल म्हणजे ओढून तार निघते तो. मॅलिएबलमध्ये लॅटिनचा हातोडा आहे, ठोकून पत्रा होतो तो. आणि ब्रिटल म्हणजे आपला ठिसूळ. हे कळल्यावर व्हायवातला तो घोळ कायमचा मिटला.

अजून एक गोष्ट, एखादं कार्ड आठ वेळा विसरलं की ॲप त्याला लीच असा टॅग लावतं, आणि सेटिंग तसं असेल तर बाजूला पण ठेवतं. लीच म्हणजे जळू, वेळ पिऊन टाकते ती. अशा कार्डावर परत परत डोकं आपटायचं नाही, ते मोडून नवीन बनवायचं. माझं इम्प्लाय आणि इन्फर दोन्ही जळू झाले होते, मग दोघांना एकाच वाक्यात टाकलं, बोलणारा सुचवतो तो इम्प्लाय, ऐकणारा अनुमान काढतो तो इन्फर, तेव्हा सुटलं.

पैशाचं सांगायचं तर कॉम्प्युटरवर फुकट, अँड्रॉइडवर अँकीड्रॉइड नावाने फुकट (ते वेगळ्या स्वयंसेवकांनी बनवलंय, पण डेक तोच चालतो, सिंक पण फुकट). आयफोनवाल्यांना मात्र एकदाच २५ डॉलरच्या आसपास भरावे लागतात, त्यापेक्षा ब्राउझरमध्ये अँकीवेब उघडून करा, तेही चालतं. प्ले स्टोअरवर सारख्या नावाची भरपूर ॲप्स आहेत, नाव नीट बघून घ्या. दिसायला अगदी साधं आहे, गेम नाही, बक्षीस नाही, शाबासकी नाही, पहिला आठवडा सेटिंग समजण्यात जातो.

आणि बोलणं हे ॲप शिकवत नाही, ते तुम्हालाच करावं लागतं. मी बसमध्ये कार्डं करते आणि रूमवर आल्यावर त्यातले पाच शब्द घेऊन रूममेटशी मोठ्याने पाच वाक्यं बोलते. हे केलं नाही तर शब्द वाचताना कळतो पण तोंडात येत नाही, माझा पहिल्या चार महिन्यांचा अनुभव आहे.

पाचपैकी पाच देतेय. आज माझ्याकडे अकराशे चाळीस कार्डं आहेत, सगळी माझ्या हातची, रोजचा वेळ पंधरा-वीस मिनिटं.

दिवाळीत घरी गेले तेव्हा धाकट्या बहिणीला पण अँकी ॲप टाकून दिलं, ती बारावीला आहे, मेडिकलची नीट परीक्षा देणार. मधल्या कानातली हातोडी, ऐरण, रिकीब तिला शाळेपासून येतात, पण त्या हातोडीला इंग्रजीत मॅलिअस म्हटलं की अडायची. मी तिला माझं मॅलिएबलचं कार्ड दाखवलं. तिने तिथेच बसून स्वतःचं पहिलं कार्ड बनवलं.